मुलांबरोबर अ‍ॅनिमेशनपट कसे पाहावेत आणि कसे बनवावेत

अ‍ॅनिमेशनपट पाहिल्याने मुले आपोआप कल्पक होतात, असे म्हणता येणार नाही. तासन्‌तास कार्टून पाहणारे मूल शेवटी फक्त पुढचा भाग मागत असेल, तर त्याच्या विचारशक्तीला त्यातून फारसे काही मिळालेले नसते. पाच मिनिटांचा एखादा लघुपट पाहून उठलेले मूल मात्र स्वयंपाकघरातल्या चमच्यांना नावे देऊ लागले, किंवा ‘हे कसे केले असेल?’ असे विचारत वही-पेन्सिल शोधू लागले, तर त्या पाच मिनिटांचे सार्थक झाले. प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर मी गेली काही वर्षे शनिवारच्या मोकळ्या तासाला असे लघुपट पाहतो आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर छोटी छोटी चलचित्रे बनवतो. या काळात माझी खात्री पटली आहे की, अ‍ॅनिमेशनपटाचे खरे काम तो मध्येच थांबवल्यावर आणि संपल्यावर सुरू होते. ते काम घरी किंवा वर्गात कसे करावे, हे पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

त्यासाठी अ‍ॅनिमेशनपटच का, हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर कॅमेरा लावला, तर वाऱ्याने हलणारे पान आपोआप टिपले जाते. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र ते पान कोणीतरी काढल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही आणि कोणीतरी हलवल्याशिवाय हलत नाही. पडद्यावर साधारणपणे एका सेकंदाला २४ चित्रे जातात, आणि त्यातल्या प्रत्येक चित्रात पान किती वाकवायचे, हे माणसाने ठरवलेले असते. म्हणून तेथे दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल ‘हे असेच का?’ आणि ‘मी असतो तर कसे केले असते?’ असे विचारता येते. मुलाला एकदा हे उमगले की, ते पडद्याकडे बनवणाऱ्याच्या नजरेने पाहू लागते.

पायरी पहिली: वय, वेळ आणि आधी स्वतः पाहणे

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि २ ते ५ वर्षे वयाच्या मुलांसाठी सर्व पडद्यांचा मिळून दिवसाचा वेळ १ तासाच्या आत ठेवावा. त्या वयात आठवड्यातून एकदा पाच-सात मिनिटांचा एक लघुपट पुरेसा आहे. तो शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि मुलाच्या शेजारी बसून पाहावा, कारण हातातला मोबाइल मुलाला एकटे पाडतो आणि सोबत पाहण्यातून होणारे बोलणे तेथेच खुंटते. चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटांसाठी आता प्रमाणपत्रावर ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे टप्पे दिलेले असतात. इंटरनेटवरच्या लघुपटांना मात्र असे प्रमाणपत्र नसते, म्हणून कोणताही लघुपट आधी स्वतः शेवटपर्यंत पाहावा. एकदा मी हा नियम मोडला. शेवटी पात्राचा मृत्यू होतो, हे ठाऊक नसताना मी एक लघुपट वर्गात लावला आणि नुकतीच आजी गमावलेली एक मुलगी उरलेला सगळा तास माझ्याजवळ बसून रडली. ती चूक पूर्णपणे माझी होती.

पायरी दुसरी: निवड

निवडीसाठी मी तीन कसोट्या लावतो. लघुपट छोटा असावा, त्यात संवाद नसावेत किंवा अगदी कमी असावेत, आणि तो कशापासून बनवला आहे हे मुलाला डोळ्यांनी ओळखता यावे. संवाद नसले की अर्थ लावण्याचे काम मुलावर येते. साहित्य ओळखू आले की, ‘हे माझ्याकडेही आहे’ हा विचार मनात उभा राहतो. संगणकावर बनवलेले गुळगुळीत चित्रपट वाईट असतात असे नाही, पण ते पाहून मुलाचा हात सहसा कशाकडे जात नाही. मणी, माती, कागद किंवा काडेपेटी दिसली की तो लगेच जातो.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने आपले अनेक लघुपट इंटरनेटवर विनामूल्य खुले ठेवले आहेत आणि नवख्यांसाठी ती मोठीच सोय आहे. नॉर्मन मॅक्लॅरेन आणि क्लोद जुत्रा यांनी १९५७ साली तेथे ‘अ चेअरी टेल’ हा लघुपट केला. एक माणूस खुर्चीवर बसू पाहतो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही, एवढीच त्याची गोष्ट आहे. त्यात एकही शब्द नाही, पण पंडित रविशंकर यांची सतार आहे, त्यामुळे आपल्या मुलांच्या कानांना तो परका वाटत नाही. त्याच मंडळात काम करणारे गुजरातचे ईशू पटेल यांनी १९७७ मध्ये ‘बीड गेम’ हा लघुपट केवळ मण्यांच्या मांडणीतून घडवला. मणी एकत्र येऊन प्राणी बनतात, एक प्राणी दुसऱ्याला गिळतो आणि हळूहळू गोष्ट माणसाच्या युद्धांपर्यंत जाते. म्हणून तो आठ-नऊ वर्षांच्या पुढील मुलांनाच दाखवावा. त्याच वयोगटासाठी मुंबईच्या गीतांजली राव यांचा २००६ सालचा ‘प्रिंटेड रेनबो’ माझ्या विशेष आवडीचा आहे. महानगरात मांजरासोबत एकटी राहणारी एक म्हातारी काडेपेट्यांवरच्या चित्रांमध्ये शिरते. तिचे रोजचे जग करड्या रंगात आहे आणि काडेपेटीतले जग रंगांनी भरलेले आहे. लहान मुलांसाठी इंग्लंडच्या आर्डमन स्टुडिओच्या मेंढ्यांच्या गोष्टी उत्तम आहेत. त्यांतली पात्रे नुसतेच हुंकार आणि आवाज काढतात, त्यामुळे त्या कोणत्याही भाषेच्या मुलाला कळतात.

मोठ्या चित्रपटांपैकी २००८ सालच्या ‘वॉल-ई’चा पूर्वार्ध या कामासाठी फार मोलाचा आहे. ओसाड पृथ्वीवर कचरा गोळा करणाऱ्या यंत्रमानवाला एक हिऱ्याची अंगठी सापडते, तेव्हा तो अंगठी फेकून देतो आणि उघडझाप होणारी डबी ठेवून घेतो. पुढे त्याला चमचा आणि काटा एकत्र असलेली एक वस्तू सापडते. ती चमच्यांत ठेवावी की काट्यांत, हे त्याला ठरवता येत नाही आणि अखेर तो तिला दोन्हींच्या मधोमध ठेवतो. वस्तूकडे नव्याने कसे पाहावे, हे या दोन छोट्या प्रसंगांत जितके स्वच्छ दिसते तितके स्पष्टीकरणाने कधीच सांगता येणार नाही.

वेगाकडेही लक्ष द्यावे. दर दोन सेकंदांना दृश्य बदलणारे कार्यक्रम मुलाला विचार करायला जागा ठेवत नाहीत. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ सालच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये दोन बहिणी पावसात बसथांब्यावर नुसत्या उभ्या असल्याचे दीर्घ दृश्य आहे. दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या वेळेला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात आणि आपल्या चित्रपटांत ती जागा राखण्याविषयी मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितले आहे. तबला शिकणाऱ्या मुलाला हे पटकन समजते, कारण समेइतकेच खालीचेही महत्त्व असते, हे त्याला गुरूंनी शिकवलेले असते. बसथांब्याच्या त्या दृश्यात मुलांच्या तोंडून आपसूक निघणारे तर्क ऐकण्यासारखे असतात.

पायरी तिसरी: पाहणे आणि थांबवणे

पहिल्यांदा लघुपट अखंड पाहू द्यावा आणि त्या वेळी आपण एकही शब्द बोलू नये. मुलाच्या पहिल्या आनंदात शिकवणी घुसवली, की पुढच्या वेळी ते सावध होऊन बसते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र एकाच ठिकाणी थांबवावे. ही जागा आधीच ठरवून ठेवावी आणि ती शक्यतो अशी असावी की, पात्र अडचणीत सापडले आहे पण वाट अजून दिसलेली नाही.

खुर्चीच्या लघुपटाला मी थोडा अपवाद करतो आणि तो पहिल्याच वेळी शेवटाच्या जरा आधी थांबवतो. खुर्चीने त्या माणसाला बसू द्यावे यासाठी त्याने काय करावे, हे प्रत्येक मूल चित्रातून किंवा अभिनयातून दाखवते. कोणी खुर्चीला खाऊ देते, कोणी तिला गादी शिवते, कोणी माणसालाच जमिनीवर बसायला सांगते. नंतर उरलेला भाग दाखवला, की मुले दिग्दर्शकाच्या उत्तराची स्वतःच्या उत्तराशी तुलना करतात, आणि आपले उत्तर अधिक चांगले होते असे काहींचे ठाम मत पडते. ते मत मान्य करावे. (शेवट येथे मुद्दामच लिहीत नाही, कारण तुम्हीही तो मुलांबरोबरच पहिल्यांदा अडवून पाहावा, अशी माझी इच्छा आहे. आधी स्वतः पाहण्याच्या नियमाला एवढी एकच सूट.)

पायरी चौथी: प्रश्न

आपल्याकडे गोष्ट संपली की ‘यातून काय बोध घ्याल?’ असे विचारण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. अ‍ॅनिमेशनपटानंतर हा प्रश्न पूर्णपणे टाळावा. तात्पर्य विचारले की मूल आपल्याला अपेक्षित असलेले एकच उत्तर शोधू लागते. कल्पक विचाराला तर एका प्रश्नाची अनेक उत्तरे हवी असतात. ‘हे कशाचे बनवले असेल?’, ‘ही गोष्ट मांजराने सांगितली असती, तर कोठून सुरू झाली असती?’, ‘या दारामागे काय आहे?’, ‘यातली एक वस्तू काढून टाकली, तर गोष्ट चालेल का?’ अशा प्रश्नांची उत्तरे आपल्यालाही ठाऊक नसतात, आणि ते मुलांना लगेच कळते. एका बैठकीला दोन प्रश्न पुरेत. मूल गप्प राहिले, तर राहू द्यावे. माझ्या अनुभवात सर्वांत गप्प राहिलेल्या मुलांनी पुढच्या आठवड्यात सर्वांत वेगळी चित्रे आणली आहेत. उत्तर कितीही विचित्र असले, तरी ‘असे कसे होईल?’ असे म्हणू नये. ‘बरे, मग पुढे?’ असे म्हणावे.

प्रश्नाला वस्तूची जोड दिली, तर तो अधिक फळतो. ‘वॉल-ई’ पाहिल्यावर मुलांना स्वयंपाकघरातला एक खण रिकामा करू द्यावा आणि झारा, किसणी, सोऱ्याच्या चकत्या, चिमटा, उलथने यांची गटवारी त्यांच्या मनाप्रमाणे करू द्यावी. एका मुलाने ‘आवाज करणाऱ्या’ आणि ‘गप्प बसणाऱ्या’ असे दोन गट केले होते. ‘प्रिंटेड रेनबो’नंतर काडेपेटी, उदबत्तीचा पुडा किंवा कॅलेंडरवरचे चित्र मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवून त्या चौकटीच्या बाहेर काय असेल, ते चारही बाजूंनी काढायला सांगावे.

पायरी पाचवी: कागदावर हालचाल

आता मुलाने स्वतः काहीतरी हलवून पाहायचे आहे. सुरुवात दोन चित्रांपासून करावी. जाड पुठ्ठ्याची वाटीएवढी गोल चकती कापा, एका बाजूला पिंजरा आणि दुसऱ्या बाजूला पोपट काढा, डाव्या-उजव्या कडांना भोके पाडून दोरे ओवा आणि दोन्ही दोऱ्यांना पीळ देऊन चकती गरगर फिरवा. पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. मागचे चित्र पुढच्याच्या तुलनेत उलटे काढावे लागते, हे मात्र आधी सांगू नये. पहिल्या वेळी पोपट डोके खाली करून लटकलेला दिसतो आणि तसे का झाले, हे मुले स्वतः शोधून काढतात.

त्यानंतर वहीच्या कोपऱ्यातले चलचित्र. जुनी, पातळ पानांची वही घ्यावी आणि शेवटच्या पानापासून पुढे यावे, म्हणजे खालचे चित्र वरच्या पानातून पुसटसे दिसते आणि ते गिरवून थोडेसे बदलता येते. खाली पडणारा चेंडू हा पहिला विषय चांगला आहे. २४ पाने काढली आणि सेकंदाला १२ या वेगाने सोडली, तर दोन सेकंदांचे चलचित्र मिळते. बहुतेक मुले पहिल्यांदा प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतराने खाली आणतात आणि तो पडत नाही, तर लिफ्टमधून उतरल्यासारखा दिसतो. तेव्हा त्यांना अंगणात खरा चेंडू टाकून पाहायला सांगावे. खाली येताना वेग वाढतो, म्हणून दोन चित्रांमधले अंतरही वाढवत न्यायचे आणि जमिनीला टेकताना चेंडू थोडा चपटा करायचा, हे कळल्यावर त्यांची दुसरी वही पाहण्यासारखी होते. चेंडू जमिनीवर आपटण्याऐवजी जमिनीत शिरला किंवा त्याला पाय फुटले, तर अधिकच चांगले.

पायरी सहावी: मोबाइलवर पहिला लघुपट

ही पायरी सर्वांत जास्त वेळ मागते, आणि त्या वेळाचे चीजही होते. साहित्य घरचेच असावे. चिंचोके, राजमा, बटणे, लोकरीचे तुकडे किंवा मळून ठेवलेली कणीकसुद्धा चालते. शाडूची माती वापरायची असेल, तर ती वाळून तडकते हे लक्षात घेऊन काम एका बैठकीत संपवावे. दादासाहेब फाळके यांनीही आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांचे चलचित्र केले होते, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. मात्र मुलांच्या हाती काड्या देताना त्या बिनगुलाच्या असाव्यात.

मोबाइल अजिबात न हलणे, ही पहिली अट आहे. दोन सारख्या उंचीचे डबे घेऊन त्यांवर पट्टी किंवा फळी आडवी ठेवावी आणि मोबाइलचा कॅमेरा खाली पाहील अशा रीतीने तो तिला चिकटपट्टीने घट्ट बसवावा. खाली एकरंगी चादर किंवा कागद टेबलाला चिकटवून टाकावा. खिडकीतला उजेड ढगांप्रमाणे बदलत राहतो आणि मग चलचित्र लुकलुकते, म्हणून पडदे ओढून एकाच दिव्याच्या प्रकाशात काम करावे. पंखा बंद ठेवावा. फोटो काढणाऱ्या मुलाने आपली सावली चित्रावर पडणार नाही अशा जागी उभे राहावे. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारखे अ‍ॅप मोबाइलवर विनामूल्य मिळते. त्यात आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे वस्तू किती सरकवली हे समजते.

नवख्यांसाठी सेकंदाला ८ फोटो पुरेत. ४० सेंटिमीटर रुंदीच्या टेबलावरून चिंचोका दर फोटोला १ सेंटिमीटर सरकवला, तर ४० फोटो लागतात आणि तो ५ सेकंदांत पलीकडे पोहोचतो. हे गणित मुलांनाच करू द्यावे, कारण चिंचोका घाबरून पळत असेल तर अंतर वाढवावे लागेल आणि चोरपावलांनी जात असेल तर कमी करावे लागेल, हे त्यातूनच त्यांना सुचते. पात्राचा स्वभाव सेंटिमीटरमध्ये सांगता येतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

गोष्ट १० सेकंदांची असावी, म्हणजे ८० फोटो. आधी एका कागदावर चार चौकटी काढून गोष्ट ठरवावी. चौघांच्या गटात एकाने वस्तू हलवावी, एकाने फोटो काढावा, एकाने मोजावे आणि एकाने ‘हात बाहेर!’ असे ओरडावे, कारण दर वेळी कोणाची तरी बोटे फोटोत राहतातच. दर वीस फोटोंनंतर कामे बदलावीत. मोठ्यांनी वस्तूला हात लावू नये. चिंचोका वाकडा गेला, तर त्याला वाकडे जाण्याचे काहीतरी कारण मुले शोधतील, आणि ते कारण बहुधा मूळ गोष्टीपेक्षा चांगले असते.

पायरी सातवी: आवाज

आवाज शेवटी द्यावा आणि तो तयार संगीतातून घेऊ नये. ताटात तांदूळ ओतले की पाऊस ऐकू येतो, करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा धावतो, पातळ प्लॅस्टिकचा कागद चुरगळला की जाळ पेटतो. संवाद नसलेल्या लघुपटाचा आवाज बंद करून मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत संवाद द्यायला लावणे, हाही अतिशय आनंदाचा खेळ आहे. एकच मेंढी मालवणीत रुसते तेव्हा आणि वऱ्हाडीत रुसते तेव्हा ती दोन वेगळी पात्रे होतात. परदेशात वाढणारी जी मुले घरच्यांना इंग्रजीतच उत्तरे देतात, त्यांच्यासाठी तर हा मार्ग जरूर वापरून पाहावा, कारण मेंढीच्या तोंडून मराठी बोलताना चुकण्याचा संकोच राहत नाही.

एकटे मूल आणि कमी वेळ असेल तर

गट जमत नसेल, तर फाळके यांच्याच वाटेने जावे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली आणि ते छोटेसे चलचित्र दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवले. तुमच्या घरी मटकी आहेच. काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर कडेला पाच-सहा दाणे ठेवा, पेला आणि मोबाइल यांच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्या आणि सकाळी ७ पासून रात्री ९ पर्यंत दर तासाला एक फोटो काढा. मुलाची शाळा असेल, तर त्या वेळचे फोटो घरातल्या कोणीतरी काढावेत. दिवसाला १५ फोटो म्हणजे पाच दिवसांत ७५ होतात आणि सुमारे ९ सेकंदांचे चलचित्र तयार होते. त्यात मोड नुसते वाढत नाहीत, ते वळतात, डोलतात, एकमेकांना ढकलतात. मुलाला त्यांचे संवाद लिहू द्या.

फोटो पुसून टाकू नका. सगळे पाहून झाल्यावर तेच फोटो उलट्या क्रमाने लावा. पाने मिटतील, कोंब आखडेल आणि मटकीचा दाणा पुन्हा गोल होऊन कापसावर बसेल. मग मोबाइल बाजूला ठेवा, मुलाच्या हातात एक कोरडा दाणा द्या आणि तो परत आत का गेला असेल, ते त्याला विचारा.